सगळे जोशी एकमेकांचे कोण लागतात?

१९८० च्या दशकात कोणी ‘शरद जोशी’ असे नाव घेतले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण उभे राहील, हे तो कोणत्या मुलखातला आहे यावर ठरत असे. चाकण-निफाडच्या कांदा उत्पादकाला आठवत ते शेतकरी संघटनेचे नेते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघात असलेली नोकरी सोडून त्यांनी आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि पुढे शेतीमालाच्या रास्त भावासाठी रस्ते अडवले. उज्जैन-भोपाळकडच्या वाचकाला मात्र आठवत ते हिंदीतले व्यंगलेखक, ज्यांनी १९८४ मध्ये दूरदर्शनवर गाजलेली ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका लिहिली. पहिल्यांचा जन्म १९३५ चा, साताऱ्याचा. दुसऱ्यांचा १९३१ चा, उज्जैनचा. नाव तेच, आडनाव तेच आणि पिढीही एकच, तरी दोघांची भाषा, प्रांत आणि काम यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

असे योगायोग जोशी या आडनावाच्या बाबतीत इतके घडतात, की त्यांना योगायोग म्हणणेही अवघड व्हावे. भीमसेन जोशी, मनोहर जोशी, मुरली मनोहर जोशी, उमाशंकर जोशी, आनंदीबाई जोशी, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ही नावे एका ओळीत लिहिली, तर त्यांत गायक आहेत, राजकारणी आहेत, कवी आहे, डॉक्टर आहे आणि कोशकार आहे. मराठी, कन्नड, गुजराती आणि उत्तराखंडातील कुमाऊंनी घरांतील माणसे आहेत. शाळेत आमच्या वर्गात चार जोशी होते आणि चौघे एकमेकांचे कोणी लागत नव्हते. तरीही नव्या शिक्षिकेने पहिल्या दिवशी “तुम्ही भाऊ-भाऊ का?” असे विचारलेच. तो प्रश्न बहुतेक सगळ्यांच्या मनात असतो, आणि त्याचे उत्तर द्यायचे तर आधी आडनाव तयार कसे होते हे पाहावे लागते.

ज्योतिषी ते जोशी

‘जोशी’ हा शब्द ‘ज्योतिषी’ या संस्कृत शब्दाचेच झिजलेले रूप आहे. प्राकृतात ‘ज्यो’चा ‘जो’ झाला, मधला ‘त’ गळला आणि ‘जोइसी’च्या जवळपासचे रूप बनले. मराठीत ‘इ’ किंवा ‘ई’च्या आधी येणारा ‘स’ सहसा ‘श’ होतो. म्हैस या शब्दाचे अनेकवचन म्हशी होते आणि घूस या शब्दाचे घुशी, ते याच नियमाने. उत्तराखंडातील जोशीमठाचे नाव आडनावावरून पडले असावे असे अनेकांना वाटते, परंतु ते ‘ज्योतिर्मठ’ या नावाचे रूप आहे. आडनाव आणि गाव या दोघांचा सांधा ‘ज्योति’ या मूळ शब्दात असला, तरी तेथे कोणी जोशी घराणे वसले म्हणून ते नाव पडले असे नव्हे.

आडनाव होण्यापूर्वी जोशी हे पद होते. गावगाड्यात पाटील आणि कुलकर्णी यांच्या जोडीने ज्याच्याशिवाय अडत असे अशा माणसांत जोशी मोडत असे, आणि बलुतेदारांच्या बहुतेक जुन्या याद्यांत त्याचे नाव सापडते. गुढीपाडव्याला पंचांग वाचून येणाऱ्या वर्षाचे फल सांगणे, तिथी आणि सण सांगणे, पेरणीला दिवस पाहून देणे आणि लग्नाचा मुहूर्त काढून तो वेळेवर साधून देणे ही त्याची कामे होती. यांतले शेवटचे काम जरा जवळून पाहण्यासारखे आहे. मनगटावर घड्याळ नसलेल्या काळात जोशी पाण्याने भरलेल्या भांड्यात तांब्याची एक लहान वाटी सोडत असे. तिच्या बुडाला बारीक छिद्र असे. त्यातून पाणी आत चढत चढत वाटी बुडाली, की एक घटका भरली. एक घटका म्हणजे आजची २४ मिनिटे, आणि दिवसरात्र मिळून अशा ६० घटका. मंडपात मंगलाष्टके चालू असताना जोशाचे सगळे लक्ष त्या वाटीवर असे. लग्नघटिका, घटका भरणे, घटका मोजणे हे शब्दप्रयोग आपण आजही करतो, पण ती वाटी पाहिलेले लोक आता थोडेच उरले आहेत.

या कामाबद्दल जोशाला खळ्यावर धान्याचा वाटा आणि कार्याच्या वेळी दक्षिणा मिळत असे. हा हक्क वंशपरंपरेने चालत असल्याने जोशीपण हे वतन होते, म्हणजे एका अर्थाने मालमत्ता होती. तिची वाटणी होई, तिच्यावरून भाऊबंदकी होई आणि प्रकरणे न्यायालयांपर्यंत जात. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केल्यानंतर काही ठिकाणी लोकांनी भटजीला न बोलावता लग्ने लावायला सुरुवात केली, तेव्हा आपली दक्षिणा बुडाली म्हणून ग्रामजोशांनी दावे लावले. बोलावले नाही तरी पैसे द्या, या मागणीमागे जोशीपण म्हणजे केवळ पौरोहित्य नसून गावावरचा हक्क आहे, ही समजूत होती. आडनाव घट्ट चिकटण्याचे एक मोठे कारण मला येथेच दिसते. ज्या शब्दावर उत्पन्न अवलंबून आहे, तो शब्द माणूस आपल्या आणि आपल्या मुलांच्या नावापुढून सहजासहजी काढत नाही. पुढे इंग्रजी अमलात शाळेचे दाखले, सरकारी नोकरीचे कागद आणि १८७२ पासूनच्या जनगणना आल्या, प्रत्येकाच्या नावापुढे कायमचे एक आडनाव लागले, आणि ज्यांचे जोशीपण कधीच सुटले होते तेही कागदावर जोशीच राहिले.

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. महाराष्ट्रातील हजारो गावांपैकी जवळजवळ प्रत्येक गावाला, किंवा काही गावांच्या गटाला मिळून, एक जोशी लागत असे. तो कोठून तरी येऊन स्थिरावलेला असे आणि शेजारच्या गावच्या जोशाशी त्याचे नाते असेलच असे नव्हते. आडनाव ठरण्याची वेळ आली तेव्हा या सगळ्या घरांना स्वतंत्रपणे एकच शब्द लागला. इंग्लंडमधील स्मिथ, म्हणजे लोहार, यांचीही गोष्ट हीच आहे. अशा आडनावाला अनेक मुळे असतात. ती झाडाच्या फांद्यांसारखी एका बुंध्यातून फुटलेली नसून, पाऊस पडल्यावर रानभर एकाच जातीचे गवत उगवावे तशी ठिकठिकाणी उगवलेली असतात. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख, चिटणीस या आडनावांनाही हेच लागू पडते.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे मंगेशकर. दीनानाथांनी गोव्यातील मंगेशी या गावावरून हे आडनाव घेतले आणि लता, मीना, आशा, उषा व हृदयनाथ या पाचही भावंडांनी ते गाजवले. संगीताच्या क्षेत्रात मंगेशकर म्हटले, की नाते विचारण्याची गरज पडत नाही, कारण त्या आडनावाचा उगम एका पिढीत आणि एका घरात झालेला आहे. जोशांच्या बाबतीत तोच तर्क लावला, की माणूस फसतो.

एकच शब्द, अनेक घरे

ही घरे वेगवेगळी होती याचा जुना पुरावा गोत्रांत मिळतो. देशस्थ, कोकणस्थ आणि कऱ्हाडे या तिन्ही पोटजातींत जोशी आहेत, आणि एकट्या कोकणस्थांतही ते वेगवेगळ्या गोत्रांत आढळतात. गोत्राच्या मागची ऋषिकथा बाजूला ठेवली, तरी व्यवहारात गोत्राचा अर्थ एवढाच होता, की एका गोत्रात लग्न करायचे नाही. त्यामुळे जोशांच्या मुलीचे लग्न जोशांच्याच मुलाशी होऊ शकत असे, आणि तसे झाले की ती दोन घरे निदान समाजाच्या लेखी एकमेकांची कोणी नव्हती, हे सिद्धच होई.

जोशी म्हणजे ब्राह्मण असेही धरून चालता येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत ‘जोशी’ ही एक नोंद आहे आणि तिच्याखाली कुडमुडे, बुडबुडकी, डमरूवाले, मेंढंगी, सरोदे, सहदेव जोशी अशी नावे येतात. कुडमुडे हे लहानशा डमरूसारखे वाद्य असते. ते वाजवत गावोगाव हिंडायचे, दारात उभे राहून भविष्य सांगायचे आणि मिळेल ते पदरात घ्यायचे, हा या लोकांचा व्यवसाय. गावच्या जोशाला वतन होते, यांना गावच नव्हते. मराठीत अर्धवट ज्ञानावर भाकिते करणाऱ्याला ‘कुडमुड्या जोशी’ म्हणून हिणवतात. बोलणाऱ्याच्या ध्यानीमनी नसते, पण तो एका जिवंत समाजाचे नाव शिवी म्हणून वापरत असतो. भविष्य दोघेही सांगत, आणि ते खरे ठरण्याची शक्यता दोघांच्या बाबतीत सारखीच होती. एकाच्या वाट्याला वतन आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला ही म्हण.

आडनाव आणि व्यवसाय यांची फारकतही फार जुनी आहे. पेशवाईच्या आरंभीची सोयरीक पाहिली तर हे स्पष्ट होते. पहिल्या बाजीरावाची पत्नी काशीबाई ही चासच्या महादजी कृष्ण जोशी यांची मुलगी. बाजीरावाची बहीण भिऊबाई ही बारामतीच्या आबाजी नाईक जोशी यांना दिली होती. चासकर जोशी आणि बारामतीकर जोशी ही दोन्ही घराणी नावाजलेले सावकार होती. पंचांगाऐवजी रोखे आणि हुंड्या हाताळणारे हे जोशी होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच या शब्दाचा अर्थ सुटून केवळ आडनाव उरले होते, आणि दोन जोशी वेगळे ओळखू यावेत म्हणून त्याला गावाची जोड द्यावी लागत होती, असे यावरून दिसते.

दुसऱ्या बहिणीची गोष्ट याहून मजेदार आहे. अनुबाईचे लग्न इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपडे यांच्याशी झाले. घोरपडे म्हटल्यावर कोणालाही सेनापती संताजी घोरपडे यांचे मराठा घराणे आठवेल. परंतु व्यंकटरावांचे वडील नारो महादेव हे मूळचे जोशी. संताजींच्या आश्रयाने ते वाढले, आणि त्या उपकाराची जाण म्हणून त्यांनी धन्याचेच आडनाव लावले. म्हणजे बाळाजी विश्वनाथांची एक सून आणि दोन मुली यांचा संबंध तीन निरनिराळ्या मूळ जोशी घरांशी आला, आणि त्यांतले एक घर आडनावावरून कोणाच्याही लक्षात आले नसते. सारखे आडनाव असून नाते नसणे ही फसगत आपल्या परिचयाची आहे. आडनाव वेगळे असल्यामुळे मूळ झाकले जाणे, ही तिची दुसरी बाजू फारशी कोणी ध्यानात घेत नाही.

महाराष्ट्राबाहेर गेले तरी जोशी भेटतातच. भीमसेन जोशी यांना आपण पुण्याचे मानतो, आणि १९५३ मध्ये त्यांनी सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या महोत्सवामुळे ते योग्यही आहे. पण त्यांचा जन्म १९२२ मध्ये आजच्या गदग जिल्ह्यातील रोण येथे झाला, घरची भाषा कन्नड होती आणि वडील गुरुराज जोशी यांनी कन्नड-इंग्रजी शब्दकोश तयार केला होता. त्याच गदगचा आणखी एक जोशी क्रिकेटच्या जुन्या प्रेक्षकांना आठवेल. डावखुरा फिरकी गोलंदाज सुनील जोशी याने १९९९ मध्ये नैरोबी येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १० षटकांत ६ निर्धाव टाकून अवघ्या ६ धावांत ५ गडी बाद केले होते. एका जिल्ह्यातील दोन जोशी, एकाचा ख्याल आणि दुसऱ्याची फिरकी; आडनावापलीकडे त्यांना जोडणारा जिल्हा तेवढा आहे.

गुजरातमध्ये हे आडनाव शहामृगाचा ‘श’ आणि पोटफोड्या ‘ष’ अशा दोन्ही प्रकारांनी लिहितात, आणि ‘जोषी’ या लेखनात मूळच्या ज्योतिषाची खूण शिल्लक दिसते. १९६७ चा ज्ञानपीठ पुरस्कार कन्नड कवी कुवेंपु यांच्यासह विभागून मिळालेले उमाशंकर जोशी हे साबरकांठा भागातील बामणा गावचे. मराठी रंगभूमीवर आणि हिंदी चित्रपटांत वावरणारे अभिनेते मनोज जोशी यांची मराठी ऐकून अनेक प्रेक्षक त्यांना मराठीच समजतात, पण तेही त्याच साबरकांठा भागातल्या गुजराती कुटुंबातील आहेत. गुजराती-मराठी सरमिसळ असलेल्या मुंबईत आडनावावरून भाषा ओळखण्याचा प्रयत्न करणाऱ्याची सर्वांत जास्त फजिती जोशी, मेहता आणि देसाई हीच आडनावे करतात, असा माझा अनुभव आहे.

कुमाऊंच्या डोंगरात मात्र जोशी वेगळ्याच वाटेने मोठे झाले. तेथे चंद राजांच्या दरबारात काही जोशी घराणी दिवाणगिरीपर्यंत पोचली, आणि झिझाड, दन्या अशा गावांच्या नावांवरून ती एकमेकांपासून वेगळी ओळखली जात. चासकर-बारामतीकरांसारखीच ही युक्ती. त्यांपैकी हर्षदेव जोशी हे १७९० मध्ये गोरख्यांनी कुमाऊं घेतले तेव्हाच्या आणि १८१५ मध्ये इंग्रजांनी ते घेतले तेव्हाच्याही राजकारणात आघाडीवर होते. भाजपचे ज्येष्ठ नेते आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक मुरली मनोहर जोशी, ‘हम लोग’ ही मालिका लिहिणारे मनोहर श्याम जोशी आणि गीतकार प्रसून जोशी हे सगळे कुमाऊंनी. मनोहर नावाच्या जोशांची उत्तरेकडची ही जोडी आणि १९९५ ते १९९९ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले रायगडातील नांदवीचे मनोहर जोशी यांत गल्लत करणारे लोक मी पाहिले आहेत. पुढे काठमांडूच्या खोऱ्यात नेवार समाजात ज्योतिषाचे काम करणाऱ्यांनाही जोशी हेच नाव आहे. वयाची शंभरी ओलांडून २०२२ मध्ये निधन पावलेले नेपाळचे संस्कृती-अभ्यासक सत्यमोहन जोशी हे ललितपूरचे नेवार. तेथील घरची भाषा नेपाळभाषा ही तर तिबेटी-बर्मी कुळातली आहे, तिचा मराठीशी दूरान्वयानेही संबंध नाही.

आद्याक्षरांचा उपयोग

एवढे जोशी असताना त्यांना वेगळे कसे ओळखायचे? मराठीने यावर काढलेला तोडगा इतका रोजच्या वापरातला आहे, की त्याचे कौतुक करायचे राहून जाते. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि मग आडनाव असे तीन भाग लिहितो, आणि पहिल्या दोन भागांचा संक्षेप करताना एक रोमन अक्षर न घेता अख्खे अक्षर घेतो. ना. म. जोशी म्हणजे नारायण मल्हार, अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या १९२० मधील स्थापनेत पुढाकार घेणारे कामगारनेते, ज्यांचे नाव गिरणगावातील जुन्या डिलाइल रोडला दिलेले आहे. चिं. वि. जोशी म्हणजे चिंतामण विनायक, बडोद्याचे पाली भाषेचे विद्वान आणि चिमणरावाचे जनक. रा. भि. जोशी म्हणजे प्रवासवर्णने लिहिणारे. ‘चिं.’, ‘भि.’ यांतील वेलांटी आणि अनुस्वार यांच्यामुळे केवढी माहिती टिकून राहते, हे पुढील उदाहरणावरून कळेल.

एकोणिसाव्या शतकातील पुण्याचा सार्वजनिक इतिहास इंग्रजीतून वाचणाऱ्याला ‘जी. व्ही. जोशी’ हे नाव वारंवार भेटते. त्याच्या पाठीमागे माणसे दोन आहेत. एक गणेश वासुदेव जोशी (१८२८ ते १८८०), साताऱ्याकडचे वकील, १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेचे प्रवर्तक, वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घेणारे आणि १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादी नेसून जाणारे. दुसरे गणेश व्यंकटेश जोशी (१८५१ ते १९११), पेशाने शिक्षक, भारताच्या आर्थिक स्थितीचे गाढे अभ्यासक. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांना त्यांच्या आकडेवारीचा मोठा आधार होता. दोघांचे नाव एक, दोघांच्या वडिलांच्या नावाचे इंग्रजी आद्याक्षर एक, आणि कार्यक्षेत्रही राष्ट्रीय अर्थकारणाच्या आसपासचे. इंग्रजीत ते हमखास एकमेकांत मिसळतात. मराठीत मात्र ‘ग. वा.’ आणि ‘ग. व्यं.’ असे लिहिले, की गोंधळ तेथेच संपतो. पहिल्यांच्या बाबतीत तर लोकांनी आद्याक्षरांचीही वाट पाहिली नाही. त्यांनी त्यांना ‘सार्वजनिक काका’ केले आणि जोशी हा शब्दच अनावश्यक ठरवला.

वडिलांचे नाव न लावण्याची रीत असलेल्या प्रदेशांत ही सोय नाही. राजस्थानात काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांत सी. पी. जोशी आहेत, आणि दोघांचेही पूर्ण नाव चंद्रप्रकाश जोशी. काँग्रेसचे सी. पी. जोशी २००८ मध्ये नाथद्वारा येथून विधानसभेची निवडणूक केवळ एका मताने हरले, पुढे केंद्रात मंत्री आणि राज्यात विधानसभाध्यक्ष झाले. भाजपचे सी. पी. जोशी चित्तोडगडचे खासदार. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पहिले भिलवाड्यातून उभे राहून हरले आणि दुसरे शेजारच्या चित्तोडगडमधून जिंकले. तेथे आद्याक्षरे काहीच मदत करत नाहीत. पक्ष सांगावा लागतो, नाहीतर मतदारसंघ. कुमाऊंच्या पी. सी. जोशींचेही असेच आहे. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे १९३५ ते १९४७ या काळातील सरचिटणीस पूरनचंद जोशी, आणि दूरदर्शनच्या कार्यक्रमांविषयीच्या १९८० च्या दशकातील समितीचे अध्यक्ष, समाजशास्त्रज्ञ पूरनचंद्र जोशी, हे दोघेही अल्मोड्याकडचे.

मराठीतही आद्याक्षरे अपुरी पडतात तेव्हा पदवी धावून येते. लक्ष्मणशास्त्री जोशी आणि महादेवशास्त्री जोशी हे दोन्ही शास्त्री, दोघेही कोशकार आणि वयात पाचएक वर्षांचा फरक. लक्ष्मणशास्त्री (१९०१ ते १९९४) धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचे, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेलेले, मराठीसाठीचा पहिला साहित्य अकादमी पुरस्कार १९५५ मध्ये मिळवणारे आणि मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक. महादेवशास्त्री (१९०६ ते १९९२) गोव्यातील सत्तरी भागातल्या आंबेडे गावचे, कथालेखक, आणि भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड सिद्ध करणारे. पहिल्यांच्या नावामागे ‘तर्कतीर्थ’ ही पदवी इतकी पक्की बसली, की तिच्याविना ते नाव अपुरे वाटते, आणि त्यामुळेच गल्लत टळते. महादेवशास्त्र्यांच्या पत्नी सुधाताई यांनी १९५५ मध्ये म्हापसा येथे पोर्तुगीज सत्तेचा बंदीहुकूम मोडून सभा घेतली आणि त्याबद्दल तुरुंगवास भोगला. माझ्या मते या घरातील त्याच अधिक धाडसी जोशी होत.

सुधाताईंच्या उल्लेखाने एक अडचण पुढे येते. एका आडनावाच्या नामवंतांची यादी करू लागले, की तीत जन्माने जोशी असलेल्यांबरोबर लग्नाने जोशी झालेल्या स्त्रियाही येतात, आणि त्यांच्या बाबतीत आडनाव पूर्वजांविषयी काहीच सांगत नाही. १९३० च्या चितगाव उठावातील क्रांतिकारक कल्पना दत्त यांनी पुढे पूरनचंद जोशी यांच्याशी विवाह केला, म्हणून त्या कल्पना जोशी. रीता बहुगुणा जोशी या हेमवतीनंदन बहुगुणा यांच्या कन्या. त्यांनी दोन्ही आडनावे शेजारी-शेजारी ठेवली. उलट दिशेने, माहेरच्या जोशी असलेल्या किती तरी स्त्रिया दुसऱ्या आडनावांखाली प्रसिद्ध झाल्या आणि या यादीतून कायमच्या निसटल्या.

आनंदीबाई यांपैकी कोणत्याच रकान्यात नीट बसत नाहीत. १८६५ मध्ये जन्मलेली ही मुलगी कल्याणच्या गणपतराव जोशी यांची यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यात कारकून असलेल्या संगमनेरच्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले, आणि रीतीप्रमाणे सासरी नाव बदलून ती आनंदी झाली. जोशांची मुलगी जोशांच्याच घरी गेली, म्हणजे गोत्रे वेगळी, घराणी वेगळी. कल्याणचे जोशी सुटले आणि संगमनेरचे जोशी लागले, पण कागदावर त्या बदलाची खूण उमटली नाही. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, बाविसावे वर्षही पूर्ण होण्यापूर्वी, पुण्यात वारल्या. त्यांच्या रक्षेचा अंश अमेरिकेत त्यांना आपल्या घरी आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाकडे पाठवण्यात आला, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड उभा आहे. त्यावर आडनाव रोमन लिपीत, शेवटी दोन ‘ई’ देऊन, आज जोशी मंडळी सहसा लिहीत नाहीत अशा पद्धतीने कोरलेले आहे. ते वडिलांचे की पतीचे, हे त्या दगडावरून सांगता येत नाही.